गेमिंग ग्रुपच्या साइटवरचं आरएसएस फीड सारखं बंद पडतंय? कॅशे पुसू नका, आधी हे बघा

लक्षणं सगळीकडे सारखीच. साइटच्या बाजूला ‘ताज्या बातम्या’ची चौकट असते. तिच्यात आरएसएस फीडमधून (साइट आपल्या ताज्या नोंदींची जी यादी दुसऱ्या प्रोग्रामना वाचायला देते ती) खेळांचे अपडेट आपोआप येतात, खाली ग्रुपमधल्या पोरांचे यूट्यूब व्हिडिओ. काही दिवस सगळं सुरळीत. मग एका सकाळी चौकट रिकामी, नाहीतर तिच्यात ‘फीड सापडलं नाही’ अशी एक ओळ. ग्रुपवर मेसेज पडतो, ‘पात्रांव, न्यूज परत गेली.’ अ‍ॅडमिनचा पासवर्ड ज्याच्याकडे असतो तो कॅशे (साठवून ठेवलेली प्रत) पुसतो, फीड दाखवणारं प्लगइन (साइटला जोडलेला छोटा प्रोग्राम) बंद करून चालू करतो. चौकट भरते. थोड्या दिवसांनी तोच मेसेज.

गोव्यात फोंडा, म्हापसा, डिचोली इकडच्या काही ग्रुपच्या साइटची अशी दुखणी माझ्याकडे येत असतात. बहुतेक साइट वर्डप्रेसवर (साइट चालवायची तयार यंत्रणा) आणि स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) असतात, म्हणून खालची उदाहरणंही तिथलीच आहेत. तुमची साइट दुसऱ्या कशावर असली तरी कारणं बदलत नाहीत, फक्त बटणांची नावं बदलतात.

कॅशे पुसल्यावर बरं का वाटतं

वर्डप्रेसमध्ये बाहेरचं फीड आणायचं काम सिंपलपाय नावाची लायब्ररी (तयार कोडचा संच) करते आणि आणलेली प्रत, तुम्ही काही बदललं नसेल तर, १२ तास जपून ठेवते. कॅशे पुसला म्हणजे ती प्रत गेली आणि पान उघडताच मूळ सर्व्हरकडे नवी मागणी गेली. यापलीकडे काही घडत नाही. बिघाड जिथे होता तिथेच असतो.

तरी चौकट भरते, आणि ती कॅशेमुळेच भरली असं वाटतं. याची दोन कारणं आहेत. पहिलं साधं: मूळ सर्व्हरने तात्पुरता नकार दिलेला असतो आणि मधल्या वेळात त्याने तो मागे घेतलेला असतो. दुसरं जास्त गमतीचं आहे. फीडमधली एखादी नोंदच मोडकी असते. फीड एक्सएमएल या नमुन्यात लिहिलेलं असतं आणि त्याचा नियम कडक आहे, एक अक्षर चुकलं तरी वाचणाऱ्याने अख्खी फाइल नाकारायची. ब्राउझर वाकड्यातिकड्या एचटीएमएलला सांभाळून घेतो, तशी माया इथे नाही. पण वर्डप्रेसच्या फीडमध्ये सहसा ताज्या १० नोंदीच असतात. नव्या नोंदी येत राहिल्या की मोडकी नोंद खाली सरकत बाहेर पडते आणि फीड आपोआप बरं होतं. त्याच सुमारास कोणीतरी कॅशे पुसलेला असतो, श्रेय त्याला जातं. ‘दर आठ-दहा दिवसांनी बंद पडतं’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच गणित असतं. ग्रुप ज्या वेगाने नोंदी टाकतो, त्या वेगाने दुखणं येतं आणि जातं.

पुसण्याचे तोटे मात्र खरे आहेत. काय बिघडलं होतं याचा पुरावा नाहीसा होतो. आणि मूळ सर्व्हर ‘फार वेळा मागताय’ म्हणून नकार देत असेल, तर कॅशे पुसून तुम्ही आणखी एकदा मागता. तीन अ‍ॅडमिनांनी तीनदा पुसलं की नकाराची मुदत वाढलीच म्हणून समजा.

मूळ उत्तर बघा, आणि सर्व्हरवरून बघा

फीडचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडून ‘माझ्याकडे दिसतंय की’ म्हणणं हा पुरावा नव्हे. तुमच्या ब्राउझरकडे कुकी असतात, तो रोबोट नसल्याची तपासणी पार करतो, आणि तो घरच्या इंटरनेटवरून बोलतो. तुमची साइट बोलते ती होस्टिंगच्या सर्व्हरवरून, कुकीशिवाय. त्यामुळे तपासही तिथूनच करायचा. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) मिळत असेल तर कर्ल ही आज्ञा वापरून फीडचा पत्ता मागा आणि तीन गोष्टी बघा: उत्तराचा क्रमांक, मजकुराचा प्रकार आणि पहिली ओळ.

क्रमांक २०० आणि पहिल्या ओळीत एक्सएमएलची घोषणा असेल, तर फीड तुमच्यापर्यंत नीट पोचतंय. बिघाड वाचण्यात किंवा दाखवण्यात आहे. ३०१ किंवा ३०८ आला तर पत्ता कायमचा बदललाय, नवा पत्ता भरून टाका. ३०४ म्हणजे ‘मागच्या वेळेपासून काही बदललं नाही’. ही चांगली बातमी आहे, तिला बिघाड समजू नका. ४०४ आणि ४१० म्हणजे फीड तिथे नाही. त्यातला ४१० म्हणजे मुद्दाम काढलंय, परत मागू नका. ४०३ म्हणजे तुम्हाला दार बंद. ४२९ म्हणजे जरा दम घ्या. त्याच्यासोबत कधी कधी किती सेकंद थांबायचं तेही येतं.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे क्रमांक २०० पण पहिली ओळ एचटीएमएलची. मूळ साइटने फीडऐवजी लॉगइनचं, देखभालीचं किंवा ‘तुम्ही माणूस आहात का’ विचारणारं पान पाठवलेलं असतं. प्लगइन त्या पानात नोंदी शोधतं, त्याला काही सापडत नाही आणि ते ‘हे वैध फीड नाही’ असा मोघम संदेश दाखवतं. मग लोक प्लगइन बदलतात. नव्या प्लगइनलाही तेच पान मिळतं.

क्रमांक आलाच नाही, फक्त कर्लचा एरर आला, तर त्याचा आकडा बघा. ६ म्हणजे नाव सापडलं नाही, पत्त्यात टायपिंगची चूक किंवा डीएनएसचा (नावावरून सर्व्हर शोधणाऱ्या यंत्रणेचा) घोळ. २८ म्हणजे वेळ संपला. ६० म्हणजे समोरच्या साइटचं सुरक्षा-प्रमाणपत्र तुमच्या सर्व्हरला पटलं नाही. हा ६० वर्षानुवर्षे न सुधारलेल्या होस्टिंगवर अजून भेटतो. मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची जुनी साखळी ज्या मूळ प्रमाणपत्रावर टेकलेली होती, ते ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं आणि ओपन-एसएसएल या प्रमाणपत्र तपासणाऱ्या लायब्ररीची जुनी आवृत्ती असलेल्या सर्व्हरांना तेव्हापासून असंख्य साइट अविश्वासू वाटू लागल्या. यावर ‘प्रमाणपत्र तपासू नका’ अशी खूण प्लगइनमध्ये लावायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो घेऊ नका. होस्टिंगवाल्याला प्रमाणपत्रांचा संच अद्ययावत करायला लावा.

टर्मिनल नसेल तर वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचा फीड व्हॅलिडेटर (फीड तपासणारं साधन) मोफत आहे. नेमकी कुठल्या ओळीत, कितव्या अक्षरावर गाडी अडली तेही तो सांगतो. फक्त तो फीड आणतो स्वतःच्या सर्व्हरवरून. तिथे हिरवा कंदील आणि तुमच्या साइटवर अंधार, असं झालं तर फीड निर्दोष आहे आणि भांडण बहुधा तुमच्या होस्टिंगच्या आयपी पत्त्याशी आहे.

बाहेरून येणारी फीड

स्टीमवरच्या प्रत्येक खेळाच्या बातम्यांचं फीड असतं. स्टीमच्या स्टोअरचा पत्ता, त्यापुढे फीड्स, न्यूज, अ‍ॅप आणि शेवटी खेळाचा क्रमांक. डोटा २ चा ५७०, पीसीवरच्या पबजीचा ५७८०८०, काउंटर-स्ट्राइकचा ७३०. क्रमांक वापरण्यात मोठा फायदा आहे: २७ सप्टेंबर २०२३ ला काउंटर-स्ट्राइक २ आला आणि जुन्या खेळाची जागा त्याने घेतली, पण क्रमांक ७३० च राहिला. ज्यांनी खेळाच्या नावाने शोधून तिसऱ्याच कुठल्या साइटचं फीड जोडलं होतं त्यांना धावपळ करावी लागली असेल; क्रमांकवाल्यांना हात लावावा लागला नाही.

यूट्यूबच्या बाबतीत नेहमीची चूक म्हणजे अ‍ॅट-चिन्हाने सुरू होणारं चॅनलचं नाव फीडच्या पत्त्यात भरणं. तिथे चॅनलचा आयडी लागतो, यूसी या अक्षरांनी सुरू होणारा, एकूण २४ अक्षरांचा. ज्याचा चॅनल आहे त्याला तो यूट्यूबच्या प्रगत सेटिंगमध्ये मिळतो. पोरं चॅनलचं नाव मोसमागणिक बदलतात, आयडी बदलत नाही. या फीडमध्ये ताजे १५ व्हिडिओच येतात, त्यामुळे ‘माझे जुने व्हिडिओ का नाहीत’ याला इलाज नाही.

आणखी एक. यूट्यूबचं फीड आरएसएस नसतं, अ‍ॅटम असतं. आरएसएस २.० हा २००२ चा नमुना, अ‍ॅटम २००५ मध्ये प्रमाण झाला. दोन्हींत तीच माहिती वेगळ्या नावांच्या खणांत असते. दुव्याचा पत्ता आरएसएसमध्ये खणाच्या आत लिहितात, अ‍ॅटममध्ये खणाच्या गुणधर्मात. सिंपलपायला दोन्ही कळतात. पण कॉलेजातल्या कोणी हौसेने वीस ओळींत स्वतःचा वाचक लिहिला असेल तर स्टीम दिसतं आणि यूट्यूब कोरं राहतं. बिघाड नाही, त्या वीस ओळी अपुऱ्या आहेत.

रेडिटच्या पानाच्या पत्त्याला शेवटी डॉट-आरएसएस जोडलं की फीड मिळतं, आणि ४२९ ही तितक्याच सहज मिळतो. तुमचा सर्व्हर स्वतःची ओळख सांगताना लायब्ररीचं ठोकळेबाज नाव सांगतो, त्या नावाने जगभरचे रोबोट येत असतात. या ओळखीत, म्हणजे यूझर-एजंटमध्ये, तुमच्या साइटचं नाव आणि संपर्काचा पत्ता घाला, बराच फरक पडतो. सामायिक होस्टिंगवर मात्र आणखी एक अडचण असते: एकाच आयपी पत्त्यावर शेकडो साइट राहतात, आणि शेजाऱ्याने केलेल्या मागण्याही तुमच्याच खात्यात मोजल्या जातात. ‘काही दिवस चालतं, काही दिवस नाही’ हे दुखणं बऱ्याचदा शेजाऱ्याचं असतं.

किती वेळा मागायचं? पोदेर (सायकलवरचा पाववाला) सकाळ-संध्याकाळ येतो हे माहीत असताना दर पाच मिनिटांनी दारात डोकावून त्याची सायकल येत नाही. खेळांचे अपडेट दिवसातून एक-दोनदा येतात. अर्ध्या तासाने विचारलं तरी भरपूर झालं. शिवाय विचारताना मागच्या उत्तरातला ईटॅग (त्या प्रतीची खूण) आणि शेवटच्या बदलाची वेळ सोबत पाठवली, तर काही नवं नसताना सर्व्हर पूर्ण फाइल न देता ३०४ देऊन मोकळा होतो. प्लगइन निवडताना रंगरूप बघण्याआधी ते हे करतं का ते बघा.

साइट वर्डप्रेससारख्या यंत्रणेवर नसून साध्या स्थिर पानांची असेल, तर ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टने दुसऱ्याचं फीड थेट आणता येत नाही. मूळ साइटने परवानगी दिली नसेल तर ब्राउझरच अडवतो. मग लोक मध्ये एखादी फुकट प्रॉक्सी (तुमच्या वतीने फीड आणून देणारा मधला सर्व्हर) घालतात. ती प्रॉक्सी हीच तुमची पुन्हा पुन्हा बंद पडणारी गोष्ट. दर अर्ध्या तासाने सर्व्हरवर फाइल आणून ठेवा आणि पानाला तीच वाचू द्या.

चवथ, पाऊस आणि घड्याळ

वर्डप्रेसचं स्वतःचं वेळापत्रक खऱ्या घड्याळावर चालत नाही. कोणी साइट उघडली की ते जागं होतं आणि राहिलेली कामं उरकतं. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवसांत सगळे आपापल्या मूळ घरी, माटोळी बांधण्यात नाहीतर घुमट वाजवण्यात गुंतलेले. साइटवर चिटपाखरू नसतं, फीड जिथल्या तिथे. मग पाच दिवसांनी पहिला जो येतो त्याच्या पानावर सगळी फीड एकदम आणली जातात आणि पान उघडता उघडत नाही. तो म्हणतो साइट मेली. इलाज पाच मिनिटांचा आहे: वर्डप्रेसचं अंगभूत क्रॉन (हेच वेळापत्रक) कॉन्फिग फाइलमध्ये बंद करा आणि होस्टिंगच्या पॅनेलमधून खरं क्रॉन दर अर्ध्या तासाला लावा.

काहींनी साइट घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ठेवलेली असते. जूनच्या पहिल्या वादळी पावसात वीज जाते, येते, परत जाते. पायच्या चौथ्या मॉडेलपर्यंत वीज गेल्यावर वेळ धरून ठेवणारं घड्याळ नाही. पाचव्यात आहे, पण त्याची बॅटरी वेगळी लावावी लागते. वीज आली की पाय लगेच उठतो, राउटरला इंटरनेट मिळायला वेळ लागतो, आणि तोवर पायचं घड्याळ वीज गेली त्या वेळेच्या आसपास अडकलेलं असतं. तेवढ्यात क्रॉन धावलं तर आधी ‘नाव सापडलं नाही’ हा एरर. नंतर नेट आलं पण घड्याळ जुळलं नसेल, तर ताज्या नोंदी भविष्यातल्या वाटतात. क्रॉन सुरू होण्याआधी वेळ जुळल्याची खात्री करणारी एक ओळ घालणं हा यावरचा उपाय. छोटा यूपीएस राउटरलाही लावा, नुसत्या पायला लावून उपयोग नाही.

भविष्यातल्या नोंदींचं दुखणं पाऊस नसतानाही होतं. फीडमधल्या नोंदी पोस्ट म्हणून साठवणारी प्लगइन असतात. नोंदीची वेळ ‘आत्ता’च्या पुढची असेल तर वर्डप्रेस ती पोस्ट प्रसिद्ध न करता नियोजित म्हणून बाजूला ठेवतं. भारतीय वेळ ग्रीनिचच्या खणात गेली की प्रत्येक नोंद साडेपाच तास पुढची होते. म्हणून कोणी सांगितलं की बातम्या येतात पण बरोबर साडेपाच तास उशिरा, तर बाकी काही तपासू नका. साइटचा टाइमझोन आणि प्लगइनचा टाइमझोन हे दोनच बघा.

आपलंच फीड बाहेर जातं तेव्हा

आपल्या साइटच्या सूचना डिस्कॉर्डवर किंवा टेलिग्रामवर नेणारा बॉट (आपोआप मेसेज टाकणारा प्रोग्राम) आपलंच फीड वाचतो. तो गप्प झाला की लोक बॉटला शिव्या घालतात. खरा दोष बहुतेक वेळा शीर्षकात असतो, आणि गेमिंगच्या साइटवर तो जास्तच असतो.

पहिला गुन्हेगार & हे चिन्ह. एक्सएमएलमध्ये त्याला विशेष अर्थ आहे. ते नुसतं लिहिलं की फाइल मोडली. ते चिन्ह, त्यापुढे ए-एम-पी ही तीन अक्षरं आणि अर्धविराम असं लिहावं लागतं. आता खेळांची नावं आठवा: डन्जन्स अँड ड्रॅगन्स, कमांड अँड कॉन्कर, रॅचेट अँड क्लँक, माउंट अँड ब्लेड. इंग्रजी पाटीवर या प्रत्येकात ते चिन्ह बसलेलं आहे. वर्डप्रेसचं मूळ फीड त्याची काळजी घेतं, पण थीमवाल्याने किंवा तुमच्यातल्या कोणी स्वतंत्र फीडचा साचा लिहिला असेल तर तिथे बघा. एक महिना कोणी कमांड अँड कॉन्कर खेळलं नाही म्हणून फीड महिनाभर ठणठणीत राहिलं, हे शक्य आहे.

दुसरा गुन्हेगार मराठी वाचकांच्याच वाट्याचा आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्रा आणि हलन्त धरून. ‘फोंडा’ म्हणजे फ, ओकार, अनुस्वार, ड, काना: पाच चिन्हं, १५ बाइट. ‘म्हापसा’ सात चिन्हं, २१ बाइट. रोमन अक्षर आणि मोकळी जागा मात्र एकेक बाइट. आता साच्यात कोणी ‘शीर्षक १०० वर कापा’ असं लिहिलं आणि पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) भाषेतलं सब्स्ट्र हे मजकूर कापणारं साधं फंक्शन वापरलं, तर ते १०० बाइट मोजतं. सलग देवनागरीत ३३ चिन्हांचे ९९ बाइट होतात आणि शंभरावा बाइट पुढच्या अक्षराचा लचका असतो. अर्धवट अक्षर म्हणजे अवैध यूटीएफ-८, अवैध यूटीएफ-८ म्हणजे नाकारलेलं फीड. शीर्षकात मोकळ्या जागा, रोमन अक्षरं किंवा आकडे किती यावर काप नेमका अक्षराच्या कडेवर पडेल की मधे ते ठरतं. ढोबळ हिशेबाने तीनातून एकदाच कडेवर. म्हणून हा दोष इतका लहरी वाटतो. ‘फोंडा विरुद्ध म्हापसा’ने सुरू होणारं लांबलचक शीर्षक चाललं, ‘मडगाव विरुद्ध वाळपई’ने सुरू होणाऱ्याला मोडलं, आणि इंग्रजीत शीर्षक दिलं की सगळं ठीक. मग कोणीतरी निष्कर्ष काढतो की आरएसएसला मराठी चालत नाही. मराठी उत्तम चालतं. कापणारी कात्री चुकीची आहे.

त्याऐवजी एमबी-सब्स्ट्र हे फंक्शन वापरलं की बाइटऐवजी चिन्हं मोजली जातात आणि फाइल मोडत नाही. पण ‘म्हापसा’ हलन्तावर तुटून लोंबकळता ‘म्’ मागे राहू शकतो. फीड वैध, दिसायला ओंगळ. मला सगळ्यात सरळ वाटणारा मार्ग: एमबी-सब्स्ट्रने कापा आणि मग मागे येऊन शेवटच्या मोकळ्या जागेशी थांबा. शब्दच तुटला नाही तर जोडाक्षरही तुटत नाही. त्याहून सरळ, शीर्षक कापूच नका.

तिसरं, न दिसणारी चिन्हं. खेळाडूंची टोपणनावं कुठून कुठून उचललेल्या नक्षीदार अक्षरांची असतात. ती बहुतेक चालतात, पण वर्डच्या फाइलमधून किंवा पीडीएफमधून चिकटवलेल्या मजकुरात कधी कधी नियंत्रण-चिन्हं येतात, आणि टॅब व ओळ बदलणारी दोन सोडली तर तशी चिन्हं एक्सएमएल १.० ला कुठल्याही रूपात चालत नाहीत. व्हॅलिडेटरने दाखवलेल्या जागी तुम्हाला काहीच दिसत नसेल तर हेच समजा. ती ओळ पुसा आणि हाताने टाइप करा.

इमोजीचा प्रश्न वेगळा. तो फीडमध्ये नसून डेटाबेसमध्ये असतो. मायएसक्यूएल या डेटाबेसचं जुनं ‘यूटीएफ-८’ प्रत्यक्षात तीन बाइटांपर्यंतच मजल मारतं. देवनागरी त्यात मावते, इमोजीला चार लागतात. जुन्या साइटवर इमोजीवाली बातमी साठवलीच जात नाही, फीड आयात करणारं प्लगइन दर अर्ध्या तासाने तीच परत आणतं, परत आपटतं आणि एररची वही भरत राहते. डेटाबेसचे तक्ते यूटीएफ-८-एमबी-४ वर न्या. वर्डप्रेसने ही सोय २०१५ मध्येच ४.२ आवृत्तीत आणली, पण प्लगइनचे स्वतःचे तक्ते मागे राहिलेले असू शकतात.

थीममध्ये कोणी हात घातला की लगेच फीड मोडतं, असा नमुना दिसला तर पहिल्या ओळीच्या आधी बघा. एक्सएमएलची घोषणा फाइलच्या अगदी पहिल्या अक्षरापासून सुरू व्हायला हवी. फंक्शन्सच्या फाइलच्या शेवटी पीएचपी बंद करणाऱ्या खुणेनंतर राहिलेली एक कोरी ओळ फीडच्या डोक्यावर येऊन बसते. ती बंद करणारी खूण काढूनच टाका, तिची गरज नसते.

तारखेबद्दल थोडक्यात. आरएसएसच्या पबडेट या तारखेच्या खणात वार आणि महिना इंग्रजी लघुरूपातच लागतात, आकडे इंग्रजी (1, 2, 3) आणि टाइमझोन अधिक ०५३० असा. साच्यात वर्डप्रेसचं भाषांतर करणारं तारखेचं फंक्शन वापरलं तर मराठी साइटवर ‘शनि, १५ ऑगस्ट’ छापलं जातं. माणसाला गोड, बॉटला अगम्य. आयएसटी ही तीन अक्षरंही नकोत, ती इस्रायल आणि आयर्लंडही वापरतात. आणि सामन्याची वेळ पबडेटमध्ये भरू नका. ती नोंद प्रसिद्ध झाल्याची वेळ आहे. भविष्यातली असेल तर वाचकाने ती वेळ येईपर्यंत नोंद दाखवली नाही तरी चालेल, असं आरएसएस २.० च्या नियमातच लिहिलंय. म्हणजे रविवारच्या सामन्याची सूचना रविवारी सामना सुरू होताना पोचणार.

जुन्या बातम्या पुन्हा नव्या होऊन येतात

हे दुखणं बंद पडण्यापेक्षा जास्त भांडणं लावतं. एका रात्रीत डिस्कॉर्डवर दहा जुन्या सूचना धडाधड पडतात आणि संपलेल्या स्पर्धेला पोरं नाव नोंदवायला लागतात. नोंद नवी की जुनी हे फीड वाचणारा प्रोग्राम जीयूआयडीवरून (प्रत्येक नोंदीच्या ओळखखुणेवरून) ठरवतो. साइट एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर गेली, डोमेन बदललं, किंवा कोणी दुव्यांना मोजदादीची शेपटी लावली, आणि जीयूआयडी म्हणून दुवाच वापरलेला असला, की सगळ्या नोंदी नव्या ठरतात. जीयूआयडी ही कायमची खूण असायला हवी. डेटाबेसमधल्या क्रमांकापासून बनवलेली एखादी अक्षरमाळ पुरते. फक्त ती दुवा नाही हे पर्मालिंकच्या गुणधर्मात ‘फॉल्स’ लिहून सांगा, नाहीतर ती दुवाच आहे असं धरलं जातं. वर्डप्रेस हलवताना पत्ते बदलणारी साधनं डेटाबेसभर शोध-बदल करतात. त्यांना जीयूआयडीचा रकाना वगळायला सांगा. जुना पत्ता त्यात तसाच दिसत राहील, राहू दे.

आयातीचं प्लगइन काढून परत बसवलं तरी हाच पूर येतो, कारण काय काय वाचून झालंय याची त्याची यादी प्लगइनबरोबर गेलेली असते.

काय दाखवायचं, काय नाही

गोव्यात ‘गेमिंग’ म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर मांडवीतली कॅसिनो जहाजं येतात, आणि दुर्दैवाने काही गेमिंग-बातम्यांच्या फीडच्या डोळ्यांसमोरही. मजकुराच्या अधेमधे सट्ट्याच्या अ‍ॅपचे दुवे असतात. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली, पण पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि त्यांच्या जाहिरातींवरही. बाहेरचा पूर्ण मजकूर न बघता स्वतःच्या साइटवर ओतणं त्यामुळे आणखीच नको झालंय. फक्त शीर्षक, तारीख आणि दुवा घ्या. दुसऱ्याचा मजकूर उचलल्याचा ठपका टळतो, फीडमधून आलेली स्क्रिप्ट तुमच्या पानावर चालण्याचा धोका जातो, एचटीटीपीवरची चित्रं न दिसण्याची तक्रारही जाते. शब्दांची गाळणीही लावा. तिच्यात ‘bet’ (पैज) बरोबर ‘beta’ (बीटा) अडकत नाही ना ते बघा, नाहीतर खेळांच्या चाचणी-आवृत्त्यांच्या बातम्या गायब होतील.

चौकट रिकामी ठेवू नका. फीड आलं नाही तर शेवटची चांगली प्रत दाखवा आणि खाली ती कधीची आहे ते लिहा. आणि मोडलेलं उत्तर जसंच्या तसं एका फाइलमध्ये साठवा, वेळ आणि क्रमांकासकट. पुढच्या वेळी मेसेज आला की आधी ती फाइल उघडायची. होस्टिंगवाल्याकडे तक्रार करायची झाली तर ‘फीड चालत नाही’ एवढंच न लिहिता सर्व्हरचा आयपी, कोणता पत्ता मागितला, काय क्रमांक आला आणि भारतीय वेळेनुसार कधी, हे चार तपशील द्या. उत्तर त्याच दिवशी येण्याची शक्यता वाढते.

आपल्याच साइटपुढे क्लाउडफ्लेअरसारखं संरक्षण असेल तर फीडच्या पत्त्याला रोबोट-तपासणीतून वगळा. फीड वाचणारे सगळेच रोबोट असतात.

शेवटी, इन्स्टाग्रामसारख्या ज्या ठिकाणी अधिकृत आरएसएस नाही, तिथून पानं खरवडून फीड बनवून देणाऱ्या फुकट सेवा. या आज चालतात, उद्या पानाची रचना बदलते आणि थांबतात, परवा परत चालतात. त्यांच्यासाठी वरचं काहीही लागू नाही. त्या चौकटी काढा आणि तिथे साधा दुवा ठेवा.